उत्पन्न मोजलं, ताळेबंद राहिला

१९९५ च्या नोव्हेंबरात रशियन सरकारने नोरिल्स्क निकेल या कंपनीतले आपले ३८ टक्के शेअर गहाण टाकले. उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे, स्टालिनच्या काळात कैद्यांच्या श्रमावर उभी राहिलेली ही कंपनी निकेल आणि पॅलेडियमच्या उत्पादनात जगात पहिल्या रांगेत होती. लिलावाची व्यवस्था पाहत होती व्लादिमिर पोतानिन यांची ओनेक्सिमबँक. बोली १७ कोटी डॉलरपासून सुरू झाली. एका प्रतिस्पर्धी बँकेच्या गोटातून आलेली साडेपस्तीस कोटींची बोली कागदपत्रांतली खोट दाखवून बाद करण्यात आली आणि शेअर गेले १७ कोटी १ लाख डॉलरला, ओनेक्सिमबँकेच्याच माणसांकडे. पुढच्या महिन्यात युकोस या तेल कंपनीच्या ४५ टक्के शेअरचा लिलाव झाला. तो भरवला मिखाइल खोदोरकोव्स्की यांच्या मेनातेप बँकेने आणि जिंकलाही मेनातेपच्याच एका कंपनीने, १५ कोटी ९० लाख डॉलरला.

कागदोपत्री हे कर्ज होतं. सरकारने बँकांकडून पैसे घ्यायचे, तारण म्हणून शेअर द्यायचे, मुदतीत फेड झाली नाही तर शेअर विकायचा अधिकार बँकेचा. फेड होणार नाही हे दोन्ही बाजूंना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. शिवाय त्या काळात सरकारी खात्यांचा बराचसा पैसा याच निवडक ‘अधिकृत’ खासगी बँकांत ठेवलेला असे. म्हणजे सरकारची ठेव सरकारलाच उसनी मिळाली आणि वर तारण गेलं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचाच हा प्रकार, फक्त तुळशीपत्राच्या बदल्यात हलवायाचं घरही नावावर करून घेतलेलं.

साम्यवाद कोसळल्यावर पूर्व युरोपात आणि रशियात विषमता कशी वाढली, याची दोन उत्तरं आपल्याकडे नेहमी ऐकू येतात. बाजार आला, हुशार वर गेले, बाकीचे मागे राहिले, हे एक. सरकारी कारखाने मातीमोल भावाने विकले गेले, हे दुसरं. दुसऱ्यात तथ्य पहिल्यापेक्षा बरंच जास्त आहे, पण तेही अपुरं आहे. कारखाना विकत घ्यायला पैसा लागतो, आणि १९९१ साली सोव्हिएत नागरिकांपैकी कोणाकडेच तेवढा पैसा नव्हता. मग तो आला कुठून? या प्रश्नाचं उत्तर बँकेच्या काउंटरवर सापडतं. विषमता तिथे तयार झाली: कोणाला कोणत्या दराने कर्ज मिळालं, कोणाची बचत कोणत्या चलनात होती, कोणाचा पगार किती महिने थकला यातून. आणि ती मोजताना आपण अजून मुख्यतः उत्पन्नच मोजतो.

मेनातेपचं मूळ बघा. खोदोरकोव्स्की हे कम्युनिस्ट पक्षाच्या कोम्सोमोल या युवक संघटनेचे पदाधिकारी. सोव्हिएत व्यवस्थेत दोन प्रकारचे रुबल होते: कारखान्यांच्या खात्यांत एकमेकांकडे वर्ग होणारे हिशेबी रुबल आणि माणसाच्या खिशातले रोख रुबल. पहिल्याचं दुसऱ्यात रूपांतर करायला सक्त मनाई. १९८७ च्या सुमारास कोम्सोमोलच्या वैज्ञानिक-तांत्रिक केंद्रांना मात्र ती मुभा मिळाली. कारखान्याकडून कसल्याशा संशोधनाचं कंत्राट घ्यायचं, हिशेबी रुबलमध्ये मोबदला घ्यायचा आणि तो रोखीत काढायचा. यात ना नवा माल तयार झाला, ना सेवा. एका रकान्यातला पैसा दुसऱ्या रकान्यात नेण्याचा परवाना एवढंच भांडवल. १९८८ च्या सहकार कायद्याने खासगी बँकांना वाट मोकळी करून दिली आणि नव्वदीच्या मध्यापर्यंत त्यांची संख्या दोन हजारांच्या वर गेली.

मग आला १९९२. २ जानेवारीला उपपंतप्रधान येगोर गैदार यांच्या चमूने बहुतेक वस्तूंच्या किमती मोकळ्या सोडल्या. वर्ष संपेपर्यंत त्या २६ पट झाल्या. त्याच वर्षी मध्यवर्ती बँकेचा पुनर्वित्त दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, जानेवारीत २० टक्के होता, मे महिन्यापासून ८० टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. ज्याला ८० टक्क्यांनी कर्ज मिळालं आणि ज्याने त्याचे त्याच दिवशी डॉलर घेतले, त्याच्या कर्जाचा मोठा भाग वर्षाअखेर माफ झाल्यासारखाच होता. ज्याची आयुष्यभराची पुंजी स्बेरबँक या सरकारी बचत बँकेच्या पासबुकात होती, त्याच्या हाती त्या पुंजीतून दिवाळखोर माणसाकडून वसुली व्हावी तितकंही आलं नाही. दुकानात माल नसल्यामुळे सोव्हिएत कुटुंबांची बचत मोठी होती, हे विसरू नये. पेन्शनीत निघालेल्या बाईची शिल्लक आणि बँकरचं कर्ज एकाच महागाईने पुसलं. बाईचं ते नुकसान होतं, बँकरचा तो नफा होता.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सरकारने प्रत्येक नागरिकाला दहा हजार रुबल दर्शनी किमतीचं, सरकारी कंपन्यांचे शेअर घेता येतील असं व्हाउचर द्यायला सुरुवात केली. खासगीकरणाचे सूत्रधार अनातोली चुबाइस यांनी सांगितलं की एका व्हाउचरची किंमत पुढे दोन व्होल्गा मोटारींएवढी होईल. रशियात हे वाक्य आजही टोमणा म्हणून वापरलं जातं. बचत नुकतीच बुडालेल्या माणसाला शेअर धरून बसणं परवडत नाही. तो कागद विकतो. विकत घेणारे तेच, ज्यांच्याकडे रोकड होती.

इथे एक उपरोध आहे आणि तो टाळून पुढे जाणं मला जमत नाही. बँका आणि उद्योग एकमेकांत मिसळले की वित्तभांडवल तयार होतं, मूठभरांच्या हाती सत्ता एकवटते आणि सरकार त्यांच्या दावणीला बांधलं जातं, असं लेनिनने १९१६ साली लिहून ठेवलं होतं. जर्मनीसारखे पुढारलेले देश पाहून त्याने ते लिहिलं. रशियात ते जवळपास शब्दशः घडलं, पण ऐंशी वर्षांनी, आणि घडवणाऱ्यांपैकी बरेचजण असे की ज्यांनी लेनिन कॉलेजात सक्तीचा विषय म्हणून घोकला होता. स्वस्त सोव्हिएत पुस्तकांवर वाढलेल्या आपल्याकडच्या पिढीने या कोसळण्याबद्दल दुःख पुष्कळ केलं. त्याचा हिशेब मात्र फारसा मांडला नाही.

थकलेल्या पगाराचंच पाहा. नव्वदीच्या मध्यावर शिक्षक, खाणकामगार, सैनिक यांना महिनोन्‌महिने पगार मिळत नव्हता. विषमतेच्या अभ्यासात याची नोंद ‘उत्पन्नात घट’ अशी होते. खरं तर महागाईच्या दिवसांत पगार सहा महिने उशिरा देणं म्हणजे कामगाराकडून सहा महिन्यांचं बिनव्याजी कर्ज घेणं. त्याच वेळी तेच सरकार अल्प मुदतीचे रोखे विकत होतं आणि १९९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर त्यांवरचा परतावा शंभर टक्क्यांच्या वर गेला होता. रोखे घेणारे कोण, तर बँका. कामगाराला शून्य टक्के, बँकेला शंभर टक्के, कर्जदार एकच. १९९८ च्या उन्हाळ्यात खाणकामगार मॉस्कोत सरकारी मुख्यालयासमोर बसून हेल्मेट रस्त्यावर आपटत होते. १७ ऑगस्टला सरकारने रोख्यांची फेड थांबवली, रुबल घसरू दिला, आणि सहाला मिळणारा डॉलर वर्षाअखेर वीस रुबलच्या वर गेला. बँका बुडाल्या, पण गहाणात मिळालेल्या खाणी आणि तेलविहिरी त्याआधीच दुसऱ्या कंपन्यांच्या नावावर गेल्या होत्या. बुडाले ते ठेवीदार.

या सगळ्याची किंमत नुसती पैशात झाली नाही. रशियन पुरुषाचं सरासरी आयुर्मान १९९० मध्ये ६४ च्या आसपास होतं; १९९४ मध्ये ते ५८ च्याही खाली गेलं.

शेअर किती स्वस्तात गेले हे सांगायला बाजारभावाचा पुरावा सहसा मिळत नाही. युक्रेनमध्ये तो मिळाला. क्रिव्होरिझस्ताल हा पोलाद कारखाना २००४ मध्ये तेव्हाच्या अध्यक्षांचे जावई आणि दोनेत्स्कचे एक धनाढ्य यांच्या जोडगोळीला ८० कोटी डॉलरला मिळाला. सत्ताबदल घडवणाऱ्या ऑरेंज क्रांतीनंतर तो व्यवहार रद्द झाला आणि ऑक्टोबर २००५ मध्ये दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण करून लिलाव झाला. लक्ष्मी मित्तल यांच्या कंपनीने तोच हिस्सा ४८० कोटी डॉलरला घेतला. दीडेक वर्षात सहापट. पोलादाचा बाजार तेव्हा तेजीत होता हे खरं, पण सहापट तेजी कुठेच नव्हती.

आता मोजणीकडे. २०१७ मध्ये फिलिप नोव्होक्मेत, तोमा पिकेती आणि गाब्रिएल झुकमन या तिघांनी रशियाचे आकडे नव्याने मांडले. घरोघरच्या पाहणीबरोबर त्यांनी करविवरणपत्रं, राष्ट्रीय लेखे आणि अब्जाधीशांच्या याद्या जोडल्या. वरच्या दहा टक्क्यांचा राष्ट्रीय उत्पन्नातला वाटा १९९०-९१ मध्ये २५ टक्क्यांहून कमी होता, तो १९९६ पर्यंत ४५ टक्क्यांच्या वर गेला. पाच-सहा वर्षांत एवढी उडी शांततेच्या काळात क्वचितच दिसते. पण माझ्या मते त्यांचा मोठा शोध दुसराच आहे. रशियाने वर्षानुवर्षं परदेशी व्यापारात प्रचंड शिल्लक कमावली, तरी देशाच्या नावावर त्या मानाने परकीय मालमत्ता दिसत नाही. फरकाचा हिशेब केला तर २०१५ मध्ये रशियन श्रीमंतांची करआश्रय देशांतली, म्हणजे जिथे कर नगण्य असतो तिथली, संपत्ती राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ७५ टक्के भरते, म्हणजे सगळ्या रशियन कुटुंबांची देशातली आर्थिक मालमत्ता मिळून जेवढी होते जवळपास तेवढीच. ज्या पाहणीत गणक दारात येऊन ‘महिन्याचं उत्पन्न किती?’ विचारतो, तिला यातलं काहीच दिसत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सोव्हिएत काळातली विषमता तरी पैशात कुठे दिसत होती? पक्षाच्या अधिकाऱ्याचा पगार कामगाराच्या काही पटच असे. पण त्याला वेगळी दुकानं होती, वेगळे दवाखाने, गावाबाहेरचा बंगला म्हणजे दाचा, रांगेत न थांबण्याची सोय. तेव्हा १९९० चा आकडा मुळातच खोटा कमी, आणि उडी प्रत्यक्षात थोडी लहान. मान्य. पण दाचा विकता येत नव्हता, स्वित्झर्लंडला नेता येत नव्हता, मुलाच्या नावावर करता येत नव्हता. पद गेलं की तो गेला. १९९० नंतरची संपत्ती वारशाने जाते, आणि रशियाने तर २००६ पासून वारसा कर काढूनच टाकला. सोयीसवलतींची विषमता आणि मालकीची विषमता एकाच पट्टीने मोजून ‘पूर्वीही होतंच की’ म्हणणाऱ्यांशी माझं इथे पटत नाही.

चेक प्रजासत्ताकाची गोष्ट माझ्या युक्तिवादाला वरवर छेद देते, म्हणून तीच जास्त महत्त्वाची. तिथेही व्हाउचर वाटले गेले. तेव्हाचे अर्थमंत्री व्हाक्लाव क्लाउस यांच्या योजनेत हजार कोरुना भरून पुस्तिका घ्यायची आणि तिच्यातल्या गुणांनी कंपन्यांचे शेअर उचलायचे. सुरुवातीला लोक थंड होते. मग व्हिक्टर कोझेनी नावाचा अमेरिकेत शिकून आलेला तरुण जाहिरातीत सांगू लागला की गुण माझ्या फंडात टाका, वर्षभरात दहापट घ्या. फंडाच्या नावात त्याने ‘हार्वर्ड’ घातलं होतं. त्या विद्यापीठाचा फंडाशी काडीचा संबंध नव्हता. चेकोस्लोव्हाकियातले ८० लाखांहून जास्त लोक योजनेत उतरले आणि बहुतेकांनी गुण कुठल्या ना कुठल्या फंडाकडे दिले. कित्येक मोठे फंड बँकांनी काढलेले, आणि त्या बँकांवर सरकारचाच ताबा. बँक फंडाची मालक, फंड कारखान्याचा मालक, आणि कारखान्याला कर्ज देणारी पुन्हा तीच बँक. या गोल गोल मालकीत लक्ष कोण ठेवणार? कंपन्या आतून पोखरल्या गेल्या. चेक लोक याला बोगदा खणणं म्हणतात. कोझेनी बहामाला जाऊन राहिला. सरकारने करदात्यांच्या पैशाने बँका साफ केल्या आणि १९९९ ते २००१ या काळात त्या बेल्जियन, ऑस्ट्रियन आणि फ्रेंच बँकांना विकल्या.

तरीही चेक प्रजासत्ताकाचा गिनी निर्देशांक (शून्य म्हणजे पूर्ण समता, एक म्हणजे सगळं एकाकडेच) ०.२५ च्या आसपास आहे, युरोपातल्या सर्वांत कमी विषमतेच्या देशांत त्याची गणना होते. मग विषमता गेली कुठे? वेतनं आणि निवृत्तिवेतनं तिथे रशियासारखी कोसळू दिली नाहीत, पगार वेळेवर होत राहिले. याचं श्रेय द्यायलाच हवं. पण याच व्हाउचरच्या धंद्यातून पेत्र केल्नर यांचा पीपीएफ गट उभा राहिला. आपल्या पोस्टातल्या पीपीएफशी याचा संबंध नाही. या गटाचं नाव ‘पहिला खासगीकरण फंड’ यावरून आलं. २०२१ मध्ये केल्नर अपघातात गेले तेव्हा त्यांची संपत्ती अब्जावधी डॉलरची होती आणि ते देशातले सर्वांत श्रीमंत गृहस्थ होते. गिनीत हे दिसत नाही, कारण गिनी बहुधा उत्पन्नावर आणि तेही पाहणीतून काढलेला असतो. याच गटाची होम क्रेडिट ही कंपनी रशिया, चीन असं करत २०१२ मध्ये भारतात आली. आपल्याकडे मोबाईलच्या दुकानात टेबल टाकून बसलेल्या मुलाने ज्यांना हप्त्यावर फोन काढून दिला, त्यांतल्या कित्येकांचं व्याज प्रागकडे जात होतं. २०२४ मध्ये टीव्हीएस गटाने तिचा भारतातला बहुतांश हिस्सा घ्यायचा करार केला. व्हाउचर पुस्तिकेतून निघालेलं भांडवल पुण्या-नाशिकच्या हप्त्यांपर्यंत पोचावं, ही वित्ताची वाट कोणत्याही एका देशाच्या गिनीत मावत नाही.

हंगेरीत घर घ्यायला फोरिंटमधलं कर्ज महाग होतं, स्विस फ्रँकमधलं स्वस्त. २००४ नंतर व्हिएन्ना आणि मिलानच्या बँकांच्या स्थानिक शाखांनी फ्रँकमधली कर्जं अक्षरशः वाटली. पगार फोरिंटमध्ये, हप्ता फ्रँकच्या भावाने. २००८ च्या उन्हाळ्यात फ्रँक दीडशे फोरिंटच्या आसपास होता, २०११ मध्ये अडीचशेवर गेला. कर्जदारांना ‘लोभी’ म्हणणारे तिथेही होते. पण चलनाची जोखीम पेलण्याची ताकद ज्या बँकेकडे होती तिने ती उचलली नाही. दुकानातल्या विक्रेतीने उचलली, आणि तेही सही करताना ती काय उचलते आहे हे नीट न कळता.

ऑर्बान सरकारने २०११ मध्ये काय केलं ते विषमतेच्या प्रत्येक अभ्यासकाने पाहावं. १८० फोरिंट या सवलतीच्या दराने कर्ज फेडायची मुभा दिली, अट एवढीच की सगळं एकदम फेडायचं. एकदम फेडायला पैसा कोणाकडे असतो? ज्यांच्याकडे बचत होती, किंवा दुसऱ्या बँकेत पत होती, ते सुटले. ज्यांना मदतीची खरी गरज होती ते राहिले, आणि त्यांची कर्जं फोरिंटमध्ये बदलायचा भाव २०१४ च्या नोव्हेंबरात ठरला तो २५६ चा. नशीब इतकंच की त्यानंतर दोनच महिन्यांनी, १५ जानेवारी २०१५ ला, स्विस मध्यवर्ती बँकेने फ्रँक मोकळा सोडला आणि तो तीनशेच्या पलीकडे उसळला. बँकांना दणका दिल्याच्या घोषणेखाली वरच्या मध्यमवर्गाला सवलत आणि खालच्याला जुनंच ओझं, असं या धोरणाचं रूप आहे. उत्पन्नाच्या पाहणीत ही सवलत उत्पन्न म्हणून नोंदली जात नाही. हप्ता भरून हातात काय उरलं, हेही त्यात दिसत नाही.

पोलंडमध्ये फ्रँकमध्ये कर्ज घेतलेले, ‘फ्रांकोविचे’ म्हणून ओळखले जाणारे कर्जदार तुलनेने चांगल्या पगाराचे होते, त्यांनी वकील केले, २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि नंतर बँकाच बचावात गेल्या. त्यातही विषमतेचा धडा आहे, पण तो उलटा. पाहणीत पोलंड मध्यम विषमतेचा देश दिसतो. करांच्या नोंदी लावल्या की वरच्या एक टक्क्याचा वाटा लक्षणीय फुगतो. २००४ पासून व्यवसायाच्या उत्पन्नाला सरसकट १९ टक्के कर लागू झाला आणि भरपूर कमावणारे पगारदार कागदोपत्री व्यावसायिक झाले, हेही त्यामागे आहे.

पूर्व युरोपातल्या बहुतेक देशांत बँकांची मालकी मोठ्या प्रमाणावर पश्चिमेकडे आहे, बड्या कारखान्यांचीही. पिकेती यांनी २०१० ते २०१६ चे आकडे काढले होते: चेक प्रजासत्ताकातून नफा आणि मालमत्तेवरचं उत्पन्न मिळून दरवर्षी सरासरी सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ७.६ टक्के निव्वळ बाहेर गेलं, युरोपीय संघाकडून निव्वळ मदत आली १.९ टक्के. पोलंडसाठी हेच आकडे ४.७ आणि २.७. याला लगेच लूट म्हणावं असं मला वाटत नाही. त्या गुंतवणुकीने कारखाने आले, तंत्र आलं, पोलंडची वाढ खरी आहे. पण मोजणीच्या दृष्टीने याचा अर्थ भयंकर आहे. मजुरी घेणारा प्रागमध्ये मोजला जातो, नफा घेणारा म्युनिकमध्ये. मालकच देशाबाहेर राहत असल्यावर देशातली विषमता कमी दिसणारच.

मग बँका सरकारी ठेवल्या असत्या तर? स्लोव्हेनियाने साधारण तेच केलं, खासगीकरण सावकाश केलं, विषमता खरोखर कमी राहिली. पण त्याच सरकारी बँकांनी ओळखीपाळखीत कर्जं दिली आणि २०१३ मध्ये त्यांना वाचवायला सरकारला तीन अब्ज युरोंहून जास्त ओतावे लागले. आणि जिथे बँकाच नव्हत्या म्हणण्यासारखी स्थिती होती त्या अल्बानियात लोकांनी पैसा पिरॅमिड योजनांत टाकला. १९९७ मध्ये त्या कोसळल्या तेव्हा त्यांची देणी देशाच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या घरात होती, राज्ययंत्रणा मोडली आणि सुमारे दोन हजार माणसं मारली गेली. मालकी सरकारी की खासगी हा प्रश्न मी म्हणूनच दुय्यम मानतो. बुडीत खर्च कोणाच्या नावे टाकला जातो, हा आधी विचारावा.

आणि नेमकी तीच माहिती मिळेनाशी होते आहे. युरोपीय संघातल्या देशांत कंपन्यांच्या खऱ्या लाभार्थी मालकांच्या नोंदवह्या सर्वांना खुल्या होत्या. २२ नोव्हेंबर २०२२ ला लक्झेंबर्गमधल्या युरोपीय न्यायालयाने खासगीपणाच्या हक्काचा हवाला देऊन ती खुली वाट बंद केली. २९ डिसेंबरला मॉस्कोत हुकूम निघाला की युद्ध चालू असेपर्यंत अधिकाऱ्यांची उत्पन्न-मालमत्तेची विवरणं प्रसिद्ध होणार नाहीत. पाठोपाठ लोकप्रतिनिधींनीही तीच सूट मिळवली. कारणं वेगळी, पण पाच-सहा आठवड्यांत दोन्हीकडे एकच कपाट बंद झालं. युरोपच्या २०२४ च्या नियमांनी पत्रकार आणि संशोधकांना अर्ज करून ते पुन्हा उघडण्याची सोय दिली आहे. अर्ज करणाऱ्याने मालकांच्या नोंदीबरोबर मध्यवर्ती बँकांकडच्या कर्जनोंदीही मागाव्यात, नावं वगळून का होईना: कोणत्या चलनात, कोणत्या दराने, कोणत्या उत्पन्नगटाला, आणि कोणाची माफ झाली. हंगेरीच्या १८० फोरिंटच्या योजनेचा फायदा नेमका कोणत्या उत्पन्नगटाला किती मिळाला, हे त्यातूनच ठरवता येईल.